कृषी पदवीतलं पशुविज्ञान: डॉक्टर होता येत नाही, मग काय होता येतं?

प्रश्न थोडक्यात असा: ऐरोलीत राहणारी मुलगी, बारावी झाली, नीटमध्ये गुण कमी पडले म्हणून पशुवैद्यकीयचा प्रवेश हुकला. सीईटीच्या गुणांवर बी.एस्सी. ऑनर्स कृषी मिळतंय. त्यात पशुविज्ञान असतं, असं कुणीतरी सांगितलंय. घरी शेती नाही, गोठा नाही. या वाटेने जनावरांमध्ये काम करता येईल का, नेमकं काय शिकवतात, आणि शहरात वाढलेल्या मुलीला ते झेपेल का, असं विचारलंय.

मी स्वतः कृषीचाच. दापोलीला पदवी, मग पशुसंवर्धन व दुग्धशास्त्रात एम.एस्सी., नंतर पशुखाद्याच्या कंपनीत नोकरी, आणि आता कल्याण-भिवंडीच्या तबेल्यांना आणि मुरबाड-शहापूरच्या दूधवाल्यांना खाद्याचा आणि व्यवस्थापनाचा सल्ला देतो. म्हणजे हे उत्तर कृषीच्या बाजूने आहे. एखाद्या पशुवैद्यकाने लिहिलं तर ते वेगळं असेल, तेही वाच.

आधी कटू ते सांगून टाकतो. या पदवीवर जनावरावर उपचार करता येत नाहीत. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ चा आहे आणि त्याप्रमाणे उपचार, शस्त्रक्रिया, औषधाची चिठ्ठी हे सगळं नोंदणीकृत पशुवैद्यकाचं काम. किरकोळ सेवांपुरती मुभा राज्य सरकार देऊ शकतं, पण तीही पशुधन पर्यवेक्षकासारखी पदविका घेतलेल्यांना, आणि पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. कृषी पदवीधर त्यात कुठेच बसत नाही. सरकारी दवाखान्यातलं पशुधन विकास अधिकाऱ्याचं पदही पशुवैद्यकीय पदवीवाल्यांचंच. "आधी कृषी कर, मग एखादा छोटा कोर्स कर आणि प्रॅक्टिस टाक" असं सांगणारे भेटतील. त्यांच्या नादी लागू नकोस. इंजेक्शनच्या रिॲक्शनने एखादी दीड लाखाची म्हैस आडवी झाली की मालक आधी प्रमाणपत्र मागतो, मग पोलीस मागतात.

दुसरी गोष्ट स्वतःला प्रामाणिकपणे विचार. "मला प्राण्यांची आवड आहे" असं ठाणे-नवी मुंबईतली मुलं म्हणतात तेव्हा दहांतल्या आठांच्या मनात कुत्रा आणि मांजर असतं. कृषीच्या अभ्यासक्रमात कुत्रा नाही. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर, कोंबडी, बदक, एवढंच. घणसोलीत किंवा घोडबंदरला पेट क्लिनिक हे स्वप्न असेल तर सरळ एक वर्ष थांब, पुन्हा नीट दे. परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे, तुझ्या घरापासून लोकलच्या अंतरावर आहे, आणि ती पदवी इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांची आहे. त्या स्वप्नासाठी एक वर्ष गेलं तर काही बिघडत नाही. चार वर्षं कृषीत नाराजीने काढली तर मात्र बिघडतं.

आता ज्यांना हे वाचूनही कृषीत रस उरलाय त्यांच्यासाठी पुढचं.

अभ्यासक्रमात वाटा किती? थोडा. कृषी पदवी म्हणजे मुख्यतः पीकशास्त्र, मृदाशास्त्र, उद्यानविद्या, कीटकशास्त्र, वनस्पती रोगशास्त्र, अर्थशास्त्र, विस्तार. जनावरांचा सलग असा मुख्य विषय एकच: पशुधन व कुक्कुट व्यवस्थापन. कृषी पदवीचा देशपातळीवरचा अभ्यासक्रम आखणाऱ्या पाचव्या अधिष्ठाता समितीच्या आराखड्यात तो चार क्रेडिटचा होता, तीन लेखी आणि एक प्रात्यक्षिकाचा. २०२४-२५ पासून सहाव्या समितीचा आराखडा लागू व्हायला लागला आहे, त्यात विषयांची आणि क्रेडिटची मांडणी बदलली आहे, तेव्हा तुझ्या बॅचचं पुस्तक हातात आलं की आधी ते पान उघडून बघ. एक क्रेडिट प्रात्यक्षिक म्हणजे आठवड्यातून एकदा दोनेक तास. त्यात वर्गातली साठ मुलं आणि कॉलेजच्या गोठ्यातली मोजकी जनावरं. कासेला हात लावायची पाळी येईपर्यंत तास संपतो. याखेरीज चारापिकं पीकशास्त्रात येतात, आनुवंशिकी वेगळी येते, शेवटच्या वर्षी अनुभवाधारित शिक्षणात कुक्कुटपालनाचा पर्याय बऱ्याच कॉलेजांत असतो, आणि रावेच्या काळात, म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभवात, गावात राहून गोठे बघायला मिळतात. बस. उरलेलं स्वतः मिळवायचं.

मग एवढ्याशा विषयात असं काय आहे की त्यावर पोट चालावं?

हिशेब आहे. जनावर आजारी पडल्यावर काय करायचं हे पशुवैद्यकाला कळतं. जनावर आजारी नाही, खातंय, चालतंय, रवंथ करतंय, तरी मालकाला परवडत नाही, हे का, याचं उत्तर संगोपनाच्या अभ्यासात आहे. आणि आपल्या पट्ट्यातले निम्मे गोठे आजाराने बुडत नाहीत, या दुसऱ्या कारणाने बुडतात.

वजनापासून सुरुवात करू, कारण खाद्याचा, जंताच्या औषधाचा, सगळ्याचा हिशेब वजनावर असतो आणि गोठ्यात वजनकाटा नसतो. शिंप्याची टेप घ्यायची. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर मोजायचा, मग खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या, म्हणजे ढुंगणाच्या, शेवटच्या हाडापर्यंत लांबी, दोन्ही इंचांत. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले तीनशे. आलं ते वजन पौंडांत. घेर ७० इंच आणि लांबी ६० इंच असेल तर ९८० पौंड, म्हणजे साधारण ४४५ किलो. प्रात्यक्षिकात हे एकदा करून घेतात आणि मुलं वहीत उतरवून विसरतात. तू विसरू नकोस. टेप बॅगेत ठेवणारा माणूस गोठ्यात शिरला की मालकाच्या बोलण्याचा सूर बदलतो, हे मी अनेकदा पाहिलंय.

आता पाचशे किलोची मुऱ्हा म्हैस घे, आठ लिटर देणारी. तिला दिवसाला साधारण चौदा किलो शुष्क पदार्थ लागतो, म्हणजे चाऱ्यातलं पाणी वजा करून उरतं ते. आंबोण, म्हणजे पेंड-भरड्याचं खाद्य, किती? पोसण्यासाठी दीड किलो, आणि म्हशीला दर दोन लिटर दुधामागे एक किलो, म्हणजे चार. एकूण साडेपाच किलो, त्यातला शुष्क भाग पाच. नेपियर हे हिरवं गवत वीस किलो दिलं तर त्यात चार किलोच शुष्क, बाकी पाणी. राहिले पाच किलो, ते सुक्या पेंढ्यातून, म्हणजे साडेपाच किलो पेंढा. पाच, चार आणि पाच, चौदा झाले. कागदावर हे दोन मिनिटांचं काम आहे. गोठ्यात मात्र "हिरवं भरपूर घालतो" असं सांगणारा माणूस प्रत्यक्षात पाणीच भरपूर घालत असतो, हे या गणिताशिवाय दाखवता येत नाही.

आणि पेंढा. ठाणे जिल्हा भाताचा. मुरबाड-शहापूरचा भाताचा पेंढा आणि डोंगरउतारावरचं वाळलेलं गवत ट्रकने तबेल्यांना येतं. गव्हाचा भुसा किंवा कडबा गृहीत धरून लिहिलेली पुस्तकं इथे पुरी पडत नाहीत. भाताच्या पेंढ्यात प्रथिनं तीन-चार टक्क्यांच्या पुढे जात नाहीत, शिवाय वाळूचा अंश, म्हणजे सिलिका, भरपूर. पोट भरतं, अंगाला लागत नाही. यावर युरिया प्रक्रिया हा जुना, स्वस्त आणि कुणी न करणारा उपाय आहे. शंभर किलो पेंढ्याला चार किलो युरिया, पन्नास-साठ लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून. पेंढ्याचा थर अंथरायचा, पाणी शिंपडायचं, पायाने दाबायचं, वर पुढचा थर. शेवटी प्लास्टिकने घट्ट झाकून एकवीस दिवस तसंच ठेवायचं. उघडल्यावर अमोनियाचा वास नाकात झोंबतो, तो उडेपर्यंत पसरून ठेवायचं आणि मगच घालायचं. प्रथिनं सात-आठ टक्क्यांपर्यंत जातात आणि पेंढा मऊ होतो, जनावर आवडीने खातं. सहा महिन्यांखालच्या वासराला नाही. आणि युरिया तसाच आंबोणात कालवायचा नाही, जनावर दगावतं. हे काम भात झोडून झाल्यावर, नोव्हेंबर-डिसेंबरात करायचं. पावसाळ्यात करायला गेलं तर प्रक्रियेऐवजी बुरशी मिळते.

बुरशीवरून एक प्रसंग सांगतो, म्हणजे या शिक्षणाचा उपयोग कसा होतो ते कळेल. भिवंडीकडच्या एका तबेल्यात जुलैमध्ये दुधातलं फॅट घसरलं. सात लागायचं तिथे साडेपाच. महाराष्ट्रात म्हशीच्या दुधाचा दर सहा फॅट आणि नऊ एसएनएफ (चरबी सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) धरून ठरतो, त्यामुळे मालक घायकुतीला आलेला. डॉक्टर येऊन गेले होते, जनावरं ठणठणीत. कासदाह नाही, ताप नाही. पेंडेचा ब्रँड बदलून झाला होता. मी गेलो तेव्हा गव्हाणीत पेंढा दिसेना. विचारलं तर कळलं, छप्पर गळल्याने पेंढा भिजला, बुरशी आली, म्हणून भय्याने तो बंद केला आणि भरपाई म्हणून पेंड वाढवली. हिरवं होतं ते कोवळं, पाणचट. म्हणजे पोटात तंतुमय काही जातच नव्हतं. रवंथाच्या पोटात धाग्यापासून ॲसिटिक आम्ल तयार होतं आणि दुधातली चरबी मुख्यतः त्यातून बनते. धागा गेला की फॅट गेलं. यात औषध काय देणार? कोरडा पेंढा विकत आणला, आंबोण दोनऐवजी चार वेळा विभागून दिलं, थोडा खायचा सोडा सुरू केला. फॅट हळूहळू वर आलं. हे ज्ञान दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात दीड पानात असतं. परीक्षेला चार गुणांना येतं.

फॅट मोजणं तर हाताने शिकच. गर्बर पद्धत: ब्युटायरोमीटरमध्ये आधी दहा मिली सल्फ्युरिक ॲसिड, मग १०.७५ मिली दूध कडेने हळू, मग एक मिली अमाईल अल्कोहोल, बूच लावून हलवायचं, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं आणि वाचायचं. बाटली हातात भाजण्याइतकी तापते, टॉवेलात गुंडाळून धर. हल्ली संकलन केंद्रावर यंत्र आकडा दाखवतं आणि कुणी ॲसिडला हात लावत नाही. पण यंत्राबद्दल वाद झाला की अखेर गर्बरच करावं लागतं. आणि नमुना कसा घेतला हेही बघायचं. धारेचं पहिलं दूध पातळ असतं, शेवटच्या धारांत फॅट कितीतरी जास्त. शेवटचं दूध रेडकाला सोडलं, किंवा किटली न ढवळता वरूनच नमुना उचलला, तर आकडा खोटा येणार. निम्म्या भांडणांचं मूळ इथेच असतं.

वेतातलं अंतर हा दुसरा मोठा विषय. म्हशीचा गाभणकाळ साधारण ३१० दिवस, गायीचा २८० च्या आसपास. माज दर एकवीस दिवसांनी. म्हैस उन्हाळ्यात मुका माज दाखवते, ओरडत नाही, रात्री उशिरा किंवा पहाटे कधीतरी सोट, म्हणजे माजाचा चिकट स्राव, टाकते आणि सकाळी धुण्याच्या पाण्याबरोबर खूण वाहून जाते. एक माज हुकला की एकवीस दिवसांचं खाणं फुकट. वर काढलेला साडेपाच किलो आंबोणाचा हिशेब आजच्या भावाने एकवीस दिवसांना गुण, आकडा बघ. वीस म्हशींच्या तबेल्यात असे माज हुकत राहिले तर मालकाला वाटतं पेंड महाग झाली. पेंड महाग झालीच आहे, पण गळती दुसरीकडे आहे.

तबेल्यांची एक रीतही इथेच सांगून ठेवतो, तुला बघवणार नाही म्हणून. आपल्याकडच्या तबेल्यांत म्हैस विण्याच्या सुमाराला हरयाणा-गुजरातकडून येते, दूध देते, आटली की बरेच मालक तिला पुन्हा गाभण न करता विकून टाकतात. रेडकू बहुतेक ठिकाणी जगत नाही, कारण त्याला पाजायचं दूध विकलं जातं. मग पान्हा फुटावा म्हणून ऑक्सिटोसिनची सुई टोचतात, जी पशुवैद्यकाच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नसते. तू तिथे विद्यार्थी म्हणून गेलीस आणि पहिल्याच दिवशी भाषण दिलंस तर दुसऱ्या दिवशी दार बंद. हिशेबाने मात्र काही मालक वळतात. आटलेली म्हैस विकून नवी आणायला किती लागतात आणि भाकडकाळ सांभाळायला किती, हे शेजारी शेजारी मांडून दाखवलं की दोघांतला एखादा तरी विचारात पडतो. मला हेच काम आवडतं, कारण त्यात जनावराचं आणि मालकाचं भलं एकाच आकड्यात येतं.

कोकणाच्या हवेचं वेगळं शिकावं लागेल. आपल्याकडे पाऊस अडीच-तीन हजार मिलीमीटर, आणि मे महिन्यात दमटपणा असा की होल्स्टिन फ्रिजियन या विदेशी गायीचा संकर जीभ काढून धापा टाकतो. पश्चिम महाराष्ट्रातलं वीस लिटरचं यश बघून इथे तीच गाय आणणाऱ्यांची पंखे, फॉगर, गोचीड आणि खुरांच्या जखमा यांत दमछाक होते. म्हशीची कातडी काळी, घामाच्या ग्रंथी कमी, तिला अंगावर पाणी लागतंच. याउलट डांगी गायीच्या अंगाला तेलकटपणा असतो, ती इगतपुरी-अकोले भागातल्या आणि आपल्या शहापूरच्या बाजूच्या मुसळधार पावसात टिकते. कोकण कपिला ही छोट्या चणीची गाय आता नोंदणीकृत जात आहे. शेळीत कोकण कन्याळ. यांचं दूध कमी, हे खरं. पण भाताच्या खाचरात काम करणाऱ्या, चारा विकत न घेणाऱ्या घराला कोणती गाय परवडते, हा प्रश्न लिटरवर सुटत नाही. दापोली विद्यापीठाचा पशुसंवर्धन विभाग या दृष्टीने तुझ्या कामाचा आहे, कारण तिथे कोकणातल्या जनावरांवर काम झालंय. जातींच्या याद्या, शिंगांचे आकार, मूळ जिल्हे हे सगळं परीक्षेपुरतं पाठ कर आणि पुढे सरक.

कोंबड्यांकडे कमी लेखून बघू नकोस. नोकऱ्या तिथेच जास्त आहेत. पिल्लांना पहिल्या आठवड्यात साधारण ३५ अंश ऊब, मग दर आठवड्याला अडीच-तीन अंशांनी कमी. ऊब बरोबर आहे की नाही हे थर्मामीटरपेक्षा पिल्लं सांगतात: दिव्याखाली गर्दी केली तर थंडी, भिंतीला चिकटली तर उकाडा, सगळीकडे सारखी पसरली तर ठीक. ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांत विक्रीला जातो, म्हणजे चूक लगेच कळते. म्हशीच्या चुकीचा हिशेब यायला वर्ष लागतं. पावसाळ्यात शेडमध्ये अंथरलेलं तूस ओलं झालं की अमोनिया आणि रक्ती हगवण, म्हणून तूस रोज वरखाली करायचं. आणि जैवसुरक्षा म्हणजे दारातला चुन्याचा पट्टा एवढंच समजू नकोस. फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यात वेहळोलीला बर्ड फ्लू निघाला आणि आसपासच्या एक किलोमीटरमधले हजारो पक्षी मारावे लागले. ज्यांच्या शेडमध्ये काहीच झालं नव्हतं त्यांचेही गेले. एका फार्मवरून दुसऱ्या फार्मवर त्याच चपला घालून जाणाऱ्याला हे सांगावं लागतं.

आता तुझा खरा प्रश्न, शहरातल्या मुलीला झेपेल का. झेपेल, पण कॉलेजच्या भरवशावर नाही. पहिल्याच सुट्टीत एखाद्या छोट्या गोठ्यावर जायला लाग. मोठ्या तबेल्यात नको, तिथे तुला कुणी हात लावू देणार नाही आणि पहाटे दोन-तीनला धारा सुरू होतात. बदलापूर, मुरबाड, टिटवाळ्याच्या पुढे चार-पाच जनावरं असलेली घरं आहेत. सुरुवात शेणापासून कर. शेण पातळ की घट्ट, त्यात दाणे न पचता आलेत का, हे बघायला शिकलीस की अर्धं पोषणशास्त्र कळलं. धार काढायला आठवडाभरात जमेल, मनगट दुखेल.

मुलगी असण्याचा इथे एक फायदा आहे जो कुणी सांगत नाही. मुरबाड-शहापूरच्या घरांत जनावराचं बहुतेक काम बाई करते. आंबोण ती कालवते, धार ती काढते, माज तिच्या लक्षात येतो. अधिकारी येतो आणि ओटीवर बसलेल्या मालकाला विचारतो, "गाय कधी विली?" मालक आतल्या दाराकडे बघतो. आतून उत्तर येतं, "गणपतीच्या आधल्या आठवड्यात," आणि मालक तेच पुन्हा मोठ्याने सांगतो. आमच्यासारख्यांना त्या दारापलीकडे जाता येत नाही. तू "काकू, चहा राहू दे, गाय दाखवा" म्हणून थेट गोठ्यात जाशील, आणि तुला जी माहिती मिळेल ती आमच्या फॉर्मवर कधी येत नाही. रावेमध्ये माझ्या ओळखीच्या मुलींनी केलेल्या नोंदी मुलांपेक्षा कितीतरी चांगल्या होत्या, त्याचं कारण हेच.

पौष पौर्णिमेला मुरबाडजवळ म्हसा यात्रा भरते, तिथला जनावरांचा बाजार चुकवू नकोस. दात बघून वय सांगायला तिथेच शिकता येतं. दोन दाती, चार दाती, सहा दाती, मग जुळलेलं. दलाल जबडा उघडून दाखवतो, तू गप्प उभी राहून स्वतःशी अंदाज बांध आणि मग त्याचा आकडा ऐक. भाव रुमालाखाली बोटांनी ठरतो, तेही बघ. कोंबड्यांसाठी आरे कॉलनीत केंद्र सरकारचं कुक्कुट विकास केंद्र आहे, डहाणूजवळ कोसबाडला कृषी विज्ञान केंद्र आहे. दोन्हीकडे विद्यार्थ्यांना पाहण्यासारखं पुष्कळ आहे.

नोकऱ्यांचं बोलू. पशुखाद्य आणि पूरक खाद्याच्या कंपन्या, दूध संकलन, करारावर कोंबड्या वाढवून घेणाऱ्या कंपन्यांचे सुपरवायझर, बँकांमधले कृषी क्षेत्र अधिकारी, नाबार्ड, एमपीएससीतून कृषी सेवा, एम.एस्सी. केली तर कृषी विज्ञान केंद्रातले विषय विशेषज्ञ आणि कॉलेजातली नोकरी. खाद्य कंपनीतलं काम म्हणजे मूळ विक्री, मोटरसायकल आणि महिनाअखेरचं टार्गेट, त्याबद्दल गैरसमज नको. कोंबडी कंपनीतला सुपरवायझर तर रात्री-अपरात्री शेडवर असतो, पगार सुरुवातीला बेताचा. तरीही पहिली दोन वर्षं तिथे काढावीत असं माझं मत आहे, कारण एवढ्या कमी वेळात एवढ्या बॅचेस दुसरीकडे कुठेच बघायला मिळत नाहीत.

बँकेतलं काम मुलं दुय्यम समजतात. दुग्धव्यवसायाच्या कर्जाचे प्रकल्प अहवाल एकदा वाच. दहा लिटर गुणिले ३६५ दिवस, असं उत्पन्न धरलेलं असतं. म्हैस वर्षभर दूध देत नाही. वेत साधारण दहा महिन्यांचं, त्यातही दूध उतरत जातं, मग भाकडकाळ. ज्या अधिकाऱ्याला हे माहीत आहे तो कर्जदाराला दोन म्हशी एकदम घेऊ देत नाही, सहा महिन्यांच्या अंतराने घ्यायला लावतो, म्हणजे एक आटली तरी दुसरीचं दूध हप्ता भरतं.

स्वतःचं काही करायचं तर मी गोठा सुचवणार नाही, निदान आधी नाही. चारा सुचवेन. कल्याण-भिवंडीला म्हशी आहेत आणि जमीन नाही, मुरबाड-शहापूरला जमीन आहे आणि भातानंतर ती बरीचशी पडून राहते. जिथे रब्बीत पाणी आहे तिथे मका करून मुरघास, म्हणजे हवाबंद मुरवलेला हिरवा चारा, करता येतो. कणसातला दाणा अर्धा दुधाळ, अर्धा घट्ट असताना कापायचा, बारीक कुट्टी, हवा राहणार नाही अशी दाबून बॅगेत भरायची, दीड महिना थांबायचं. कुट्टी पिळल्यावर हातातून पाणी गळत असेल तर मका कोवळा आहे, सडणार. गोळा लगेच सुटून पडला तर जास्त वाळलाय, नीट दाबला जाणार नाही. हे चारापीक, पशुपोषण आणि बाजार असं तिन्ही एकत्र आलेलं काम आहे, आणि त्यात कृषीचंच शिक्षण कामी येतं, पशुवैद्यकीय नाही.

एम.एस्सी.चा विचार आतापासून करायला हरकत नाही. पशुसंवर्धन व दुग्धशास्त्राला कृषी पदवीधर चालतात. पण पशुविज्ञानातल्या काही पदव्युत्तर विषयांना पशुवैद्यकीय पदवीचीच अट असते, तेव्हा माहितीपुस्तिकेतला पात्रतेचा रकाना विषयागणिक वाचायचा.

प्रवेश घेतलास तर गोठ्यावर जाण्याआधी धनुर्वाताचं इंजेक्शन घे, गुडघ्यापर्यंतचे गमबूट घे, रबरी हातमोजे घे. गाभडलेल्या, म्हणजे गर्भ पडलेल्या, जनावराच्या वारेला किंवा मेलेल्या वासराला उघड्या हाताने शिवायचं नाही, त्यातून ब्रुसेलोसिस हा जंतूंचा रोग माणसाला होतो आणि त्याचा ताप महिनोन्‌महिने येत-जात राहतो. गोठ्यात कच्चं दूध कुणी प्रेमाने दिलं तर तापवून मागायचं. राग येत नाही कुणाला.